गुझेंग शिकायचंय? भूप येत असेल तर बसा

गुझेंगच्या सगळ्या तारा जाडीकडून बारकीकडे ओळीने छेडा. सा रे ग प ध, सा रे ग प ध, असा चार सप्तकं भूप राग वाजतो. मध्यम नाही, निषाद नाही. लहानपणी ज्याने पेटीवर भूपाची सरगम घोटली आहे त्याने या चिनी वाद्याला बिचकायचं कारण नाही.

मी वेंगुर्ल्यात पेटी शिकवते. दादा बोटीवर असतो, त्याने शांघायहून हे धूड आणलं तेव्हा शेजारच्या काकी ओट्यावरूनच ओरडल्या, "ह्यां काय गो, पाळणो?" गुझेंगचा गुरू सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत मला तरी भेटलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे, आपलं आपण शिकणाऱ्यांसाठी.

वाद्य आधी नीट बघून घ्या. लांबी साधारण १६३ सेंटीमीटर, आतून पोकळ, वरची पाटी पॉलोनियाच्या हलक्या लाकडाची. तारा २१. पूर्वी त्या रेशमाच्या असत, आता पोलादी असतात आणि वरून नायलॉन गुंडाळलेलं असतं. आपल्या अंगाकडची पहिली तार सगळ्यांत बारीक, पलीकडची एकविसावी सगळ्यांत जाड. मधेमधे हिरव्या तारा दिसतील, त्या पंचमाच्या. डोळ्यांना तेवढा आधार पुरतो. प्रत्येक तारेखाली एक सुटी घोडी असते. ती चिकटवलेली नसते, तारेच्या ताणावरच उभी राहते. घोडीच्या उजवीकडे तार वाजवायची, डावीकडे दाबायची. सगळं वादन या दोन वाक्यांत आलं, पण डाव्या हाताचं वाक्य शिकायला फार वेळ लागतो.

खुर्चीत बसायचं असेल तर स्टँड लागतो. आमच्याकडे भजनाची सवय, मांडी घालूनच बरं वाटतं. मग दोन्ही टोकांखाली एकेक पाट सरकवा. थेट चटईवर ठेवू नका, कारण आवाजाची भोकं तळाला असतात आणि ती झाकली की वाद्य गुदमरतं. बसायचं उजव्या टोकाशी, मधोमध नाही.

आता स्वर लावणं. कारखान्यातून येताना हिशोब असा असतो की सा म्हणजे पेटीची पांढरी दोन, ट्यूनरच्या अ‍ॅपवर जिला डी म्हणतात ती. रे म्हणजे ई, ग म्हणजे एफ शार्प, प म्हणजे ए, ध म्हणजे बी. खुंट्या उजव्या टोकाच्या झाकणाखाली असतात, किल्ली वाद्यासोबत येते. फरक मोठा असेल तर किल्ली, केसभर असेल तर घोडी सरकवा: उजवीकडे सरकली की स्वर चढतो, डावीकडे उतरतो. किल्ली पाव वळणापेक्षा जास्त एका दमात फिरवायची नाही, आणि बारीक तारा चढवताना तोंड वाद्यावर आणायचं नाही. घोड्यांवर आकडे असतात, त्यांची उंची वेगवेगळी असते. एखादी आडवी पडली तर ती त्याच तारेखाली परत उभी करा. अ‍ॅपने लावून झालं की तानपुरा सुरू करून कानाने पुन्हा तपासा. पेटीवाल्यांनी तर नक्कीच, कारण आपल्याला तयार स्वरांची सवय असते.

नख्या चार: अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. करंगळी मोकळी. सतारीची नखी बोटात घालतात, इथे ती बोटाच्या पेराच्या आतल्या बाजूला ठेवून चिकटपट्टीने गुंडाळतात. मेडिकलमधली कापडी पट्टी चालते. बोट निळं पडेल इतकी आवळू नका. एप्रिल-मेमध्ये घामाने ती सुटते, त्याला उपाय एकच: हात साबणाने धुऊन कोरडे करायचे आणि रियाजाआधी केसांना तेल लावायचं नाही. बांगडे साफ करून लगेच बसायचं नाही, हे कोकणात सांगायला हवं.

उजव्या हाताचे पहिले तीन आघात पुरेत. अंगठा तारेला अंगापासून दूर ढकलतो, तर्जनी आणि मधलं बोट अंगाकडे ओढतात. उजवीकडच्या पक्क्या कण्याजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या न हलणाऱ्या पट्टीजवळ वाजवा, तिथे आवाज खणखणीत येतो. सुरुवातीचा पलटा चीनमध्येही नवशिक्यांना हाच देतात: मधलं बोट, अंगठा, तर्जनी, अंगठा. मधल्या बोटाने खालचा सा, अंगठ्याने वरचा सा, मध्ये चार तारा सोडून. तर्जनीला मधली कुठलीही तार द्या आणि पुन्हा अंगठा वरच्या सावर. चार मात्रा झाल्या. तबल्याच्या अ‍ॅपवर केरवा लावा, लय अगदी मंद, आणि चारही आघात एकाच वजनाचे येईपर्यंत पुढे जाऊ नका. अंगठा नेहमी जोरात पडतो, त्याला आवरायचं. तारांवरून सर्रकन हात फिरवून धबधब्यासारखा आवाज काढायचा मोह सगळ्यांना होतो. पाहुण्यांसमोर काढा, रियाजात नको.

आता डावा हात. घोडीपासून वीतभर डावीकडे, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून तारेवर ठेवा. दाबायचं ते बोटाच्या ताकदीने नाही, खांद्यापासून उतरलेल्या हाताच्या वजनाने. रेची तार छेडा आणि दाबत जा. स्वर चढत चढत शेजारच्या मोकळ्या गंधाराशी एकरूप होईल, तिथे थांबा. लगेच गंधाराची मोकळी तार वाजवून ताडा. जुळलं? बहुधा नाही. नवशिक्याचा हात नेहमी थोडा अलीकडे थांबतो, आणि तेवढ्याने स्वर पडेल वाजतो. पुन्हा करा. मग सा दाबून रे, प दाबून ध. परीक्षक शेजारच्याच तारेवर बसलेला असल्यामुळे फसवता येत नाही, म्हणून मला हा रियाज सगळ्यांत आवडतो.

हे जमल्यावरच मध्यम आणि निषाद. गंधाराची तार अर्ध्या स्वराने चढवली की शुद्ध मध्यम, धैवताची पूर्ण स्वराने चढवली की शुद्ध निषाद. इथे ताडायला शेजारी तार नाही, तेव्हा पेटी उघडा. आणि एक भेद पक्का करून घ्या. आधी दाबून मग छेडलं तर सरळ मध्यम लागतो. छेडून मग दाबलं तर गंधारावरून मध्यमावर चढणारी मींड. दाबलेलं छेडून मग सोडलं तर उतरती. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हींना वेगळा रियाज.

आपल्याला मींड कानात असते, याचा फायदा होतो आणि तोटाही. तोटा असा की आपण दिसेल त्या तारेवर आंदोलन घालत, म्हणजे स्वर झुलवत सुटतो. चिनी वादनात कुठे दाबायचं, किती हलवायचं याच्या प्रांताप्रांतांच्या चाली आहेत: हनान, शानडोंग, छाओझोऊ, हाक्का, झेजियांग. हनानची मींड जोरकस, तर झेजियांगकडे उजव्या हाताचं काम जास्त. चिनी रचना वाजवत असाल तर तिची चाल सांभाळा. सगळ्याला किराणा घराण्याचा रंग फासू नका.

चिनी स्वरलिपी बघून मी हसलेच होते. आकडे! १ म्हणजे सा, २ रे, ७ नी. वरच्या सप्तकाला वर टिंब, खालच्याला खाली टिंब, म्हणजे भातखंडे लिपीसारखंच. आकड्याखाली एक रेघ असेल तर अर्धी मात्रा, शून्य म्हणजे थांबा. बोटांच्या खुणा तीन: कोन अंगठ्याचा, तिरकी रेघ तर्जनीची, कमान मधल्या बोटाची. एका बैठकीत पाठ होतात.

हात बसला की घोड्यांशी खेळा. चार सप्तकांतले चार गंधार, म्हणजे चौथी, नववी, चौदावी आणि एकोणिसावी तार, घोडी उजवीकडे सरकवून मध्यमावर आणा. सा रे म प ध: दुर्गा. त्याच तारा मध्यमाला सा मानून वाजवल्या तर पांढरी पाचचा भूप मिळतो. काहीही न सरकवता मूळच्या भूपात गंधाराला सा धरलं तर मालकंसाचे स्वर हजर. जाणकार म्हणतील, नुसते स्वर म्हणजे राग नव्हे. खरंच आहे, पण मूर्च्छना, म्हणजे त्याच स्वरांत सा बदलणं, फळ्यावर शिकवताना मुलं जांभया देतात आणि गुझेंगवर डोळे मोठे करतात.

पावसाळ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वरून खारा वारा. मिरग लागायच्या आत वाद्य पडवीतून माजघरात आणा, मातीच्या भिंतीपासून दूर, नाहीतर स्टँडला वाळवी लागते. प्लास्टिकने झाकू नका, आत दमट कोंडतं आणि बुरशी येते. जुनं सुती लुगडं उत्तम. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्यातले दाणे कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. रियाज झाला की तारा आणि खुंट्या कोरड्या फडक्याने पुसा. वरच्या पाटीला ओलं फडकं किंवा तेल लावू नका. ऊन पडलं म्हणून अंगणात वाळवायला तर अजिबात ठेवू नका, पाटी तडकते. पावसात स्वर रोज हलतील, त्याचा राग मानू नका. रियाजाची पहिली दहा मिनिटं लावण्यात गेली तर तोही कानाचा रियाजच.

पहिल्या तीन-चार बारीक तारा तुटतात, त्यांचे जादा नग वाद्यासोबतच मागवून ठेवा. आणि गणपतीत भजनाला घेऊन जायचा हट्ट धरू नका. पखवाज आणि झांजांपुढे गुझेंग ऐकूच येत नाही. बासरीवाला मिळाला तर त्याच्यासोबत बसा, नाहीतर पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या एखाद्या भजनीबुवांना दुपारी चहाला बोलवा.