मदरबोर्डच्या साऊंडवरून खरा ५.१ आवाज कसा मिळवावा

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमागे हिरवा, निळा आणि गुलाबी असे तीन गोल जॅक असतात. हिरव्यात स्पीकर जातो, गुलाबीत माईक, आणि निळ्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. पण याच तीन जॅकमधून सहा वेगवेगळे आवाज बाहेर काढता येतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बहुतेक डेस्कटॉप मदरबोर्डवर ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर) किंवा ७.१ (सात स्पीकर आणि एक वूफर) देणारी साऊंड चिप बसवलेलीच असते आणि तिचे पैसे आपण बोर्डासोबत भरलेले असतात. घरोघरी ती फक्त दोन स्पीकर वाजवते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९९७ साली इंटेलने एसी'९७ हा नमुना आणला आणि आवाजाची चिप मदरबोर्डवर बसायला लागली. २००४ च्या एचडी ऑडिओने तिची ताकद आठ चॅनेल (म्हणजे आठ स्पीकरचे वेगवेगळे आवाज) आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत नेली. आज बहुतेक बोर्डांवर तैवानच्या रिअलटेक कंपनीची, एएलसी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाची चिप सापडते: एएलसी ८८७, ८९७, १२२० अशी. पुढे २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाऊंडचा (गेम ज्यातून आवाज काढत त्या विंडोजच्या सोयीचा) आवाज थेट कार्डाकडून करून घ्यायची सोय काढून टाकली आणि गेमसाठी वेगळं साऊंड कार्ड घेण्याचं मोठं कारणच संपलं. सिनेमा आणि गेमसाठी सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, हवा असेल तर आधी अंगची चिप वापरून बघा. कार्डाचा विचार नंतर.

पायरी १ : स्पीकर सेट खरोखर ५.१ आहे का ते तपासा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. खोक्यावर ५.१ लिहिलेलं असतं, पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर असतो, ब्लूटूथ, पेन ड्राईव्ह, एफएम सगळं असतं. पण मागे बघितलं तर ऑक्सची, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटची, एकच जोडी. अशा सेटमध्ये दोन चॅनेलचा आवाज येतो आणि तोच पाच ठिकाणी वाटला जातो. मागचा स्पीकर वाजतो, पण पुढचंच वाजवतो. कॉम्प्युटरने सहा चॅनेल पाठवायचे ठरवले तरी ते घ्यायला तिथे वाटच नसते.

सेटच्या मागे एकतर लाल-पांढऱ्या पिना बसतात तसे सहा आरसीए सॉकेट हवेत (फ्रंटचे दोन, सराउंडचे दोन, सेंटर आणि सबवूफर) किंवा हिरवा, काळा, नारिंगी असे ३.५ मिलिमीटरचे तीन जॅक हवेत. विकत घेणार असाल तर दुकानदाराला सेट फिरवून मागची बाजू दाखवायला सांगा. ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा फोटो नसेल तर तो सेट सोडून द्या.

पायरी २ : केबल आणि रंग

सेटला तीन जॅक असतील तर ३.५ ते ३.५ अशा तीन केबल लागतात. सहा आरसीए असतील तर एका टोकाला ३.५ ची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशा तीन केबल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत या सहज मिळतात. फार महागाच्या घेऊ नका. पिन जॅकमध्ये घट्ट बसते आणि हलवल्यावर खरखरत नाही एवढं बघितलं तरी पुरे.

मागे पाच-सहा जॅक असलेल्या बोर्डावर काम सोपं आहे. हिरवा पुढच्या दोन स्पीकरचा, काळा मागच्या दोघांचा, नारिंगी सेंटर आणि वूफरचा. राखाडी असेल तर तो ७.१ मधल्या बाजूच्या स्पीकरसाठी.

तीनच जॅकच्या बोर्डावर जॅक आपलं काम बदलतात. हिरवा पुढचाच राहतो. निळा, जो एरवी बाहेरचा आवाज आत घ्यायला असतो, तो मागच्या स्पीकरसाठी आवाज बाहेर देऊ लागतो. गुलाबी सेंटर-वूफरचा होतो. मग माईक कुठे लावायचा? कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये. त्यासाठी पुढच्या पॅनेलची वायर मदरबोर्डवर जोडलेली हवी. असेंबल करताना ती बरेचदा राहून जाते. बोर्डावर सहसा मागच्या जॅकच्या बाजूच्या कोपऱ्यात, नऊ पिनांचा एक कनेक्टर असतो. वायरवर एसी'९७ आणि एचडी ऑडिओ अशी दोन टोकं असतील तर एचडी ऑडिओचं टोक लावा.

बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये २, ४, ५.१ आणि ७.१ चॅनेलसाठी कोणता जॅक काय काम करतो याचा एक छोटा तक्ता असतो. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साईटवर मॉडेल नंबर टाकून पीडीएफ मिळते. तीन जॅकच्या बऱ्याच बोर्डांवर ७.१ साठी पुढच्या पॅनेलचा हेडफोन जॅकही कामाला घेतला जातो, आणि ते फक्त या तक्त्यावरूनच कळतं.

पायरी ३ : ड्रायव्हर

विंडोज आपला एक साधा ऑडिओ ड्रायव्हर स्वतःहून टाकते. दोन स्पीकर त्यावर छान चालतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण तीन जॅकच्या बोर्डावर निळ्या आणि गुलाबीचं काम बदलायला सहसा रिअलटेकचाच ड्रायव्हर लागतो. तो मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, आपल्या मॉडेलचाच घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणाऱ्या तिऱ्हाईत साईट टाळा.

नंतर रिअलटेक ऑडिओ कन्सोल उघडा. जुन्या मशीनवर त्याच्या जागी एचडी ऑडिओ मॅनेजर असतो. निळ्या जॅकमध्ये पिन घातली की काय जोडलं असं विचारणारी खिडकी येते. तिथे रिअर स्पीकर निवडा, गुलाबीसाठी सेंटर-सबवूफर.

लिनक्सवर साऊंड सेटिंग्जमध्ये प्रोफाइल बदलून अ‍ॅनालॉग सराउंड ५.१ आउटपुट करायचं. तीन जॅकचा बोर्ड असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून 'चॅनेल मोड' सहा चॅनेलवर न्यावा लागतो. तो दोनवर राहिला तर पुढचेच स्पीकर वाजतात.

पायरी ४ : विंडोजला सहा स्पीकर सांगा

टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर राईट क्लिक करून साऊंड सेटिंग्ज, तिथून खाली मोर साऊंड सेटिंग्ज. प्लेबॅकमध्ये आपला स्पीकर निवडून कॉन्फिगर दाबा. यादीत ५.१ दोनदा दिसू शकतं, एकात मागचे स्पीकर बाजूला दाखवलेले आणि दुसऱ्यात पाठीमागे. एक निवडून टेस्ट दाबा, मागचे गप्प राहिले तर दुसरं निवडा.

याच पडद्यांवर कोणता स्पीकर आपल्याकडे नाही तेही सांगता येतं, आणि ही खूण फार मोलाची आहे. ५.१ सिनेमात बहुतेक संवाद मधल्या चॅनेलमध्ये ठेवलेले असतात. सेंटर स्पीकर जोडलेला नसताना विंडोजला तो आहे असं वाटलं, तर संवाद रिकाम्या जॅकमध्ये जातात. संगीत, पाऊस, गाड्या दणक्यात आणि माणसं मात्र कुजबुजल्यासारखी, ही तक्रार निम्म्या वेळा यातूनच येते. सेंटरची खूण काढली की त्याचा आवाज पुढच्या दोघांत वाटला जातो आणि संवाद परत येतात.

पायरी ५ : एकेक स्पीकर ऐका

टेस्टमध्ये आवाज एकेका स्पीकरवर फिरतो. पडद्यावर जो उजळतो तोच वाजतोय का ते उठून, जवळ जाऊन बघा. डावा-उजवा बदललेला लगेच कळतो. सेंटर आणि वूफरची अदलाबदल मात्र चटकन लक्षात येत नाही. ते दोघे एकाच पिनवर असतात आणि काही स्पीकर कंपन्या क्रम उलटा ठेवतात. सेंटरच्या पाळीला वूफरमधून नुसती दबकी घुमी आली की समजा उलटं झालंय. आरसीए केबल असेल तर पांढरी आणि लाल पिन एकमेकींच्या जागी लावा. ३.५ ची केबल असेल तर रिअलटेकच्या सेटिंगमध्ये सेंटर आणि सबवूफर बदलण्याचा पर्याय आहे का ते बघा.

मांडणीचं माप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीत दिलेलं आहे. सेंटर नाकासमोर, पुढचे दोघे त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, मागचे दोघे साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, छताजवळ टांगलेले स्पीकर हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य, पण ती जागा त्यांची नाही. लहान खोलीत पलंग भिंतीला टेकलेला असतो आणि मागे जागाच नसते. तेव्हा ते दोघे बाजूच्या भिंतींवर, बसल्यावर कानाच्या जरा वर येतील असे लावा. मग मागच्यांचा आवाज थोडा कमी करा. जवळ असल्यामुळे तेच जास्त ऐकू येतात.

पायरी ६ : ऐकायचं काय

गाणी जवळपास सगळी स्टिरिओ असतात, यूट्यूबवरचा बहुतेक आवाजही. तिथे मागचे स्पीकर गप्प राहिले तर बिघाड नाही. स्पीकर फिलसारखा, स्टिरिओ आवाज सगळ्या स्पीकरवर पसरवणारा पर्याय चालू केला की तेही वाजतात, पण गाण्यासाठी तो बंदच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ मांडणी त्यात फिसकटते. डीव्हीडी, ब्लू-रे किंवा ५.१ ट्रॅक असलेली फाईल लावा. प्लेअरमध्ये ऑडिओ ट्रॅक तपासा, कारण एकाच फाईलमध्ये स्टिरिओ आणि ५.१ असे दोन्ही असू शकतात. गेममध्येही आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन सराउंड निवडावं लागू शकतं.

ऑप्टिकल की एचडीएमआय?

मागे चौकोनी ऑप्टिकल सॉकेट दिसलं की एका वायरीत सगळं आलं असं वाटतं. पण ही वाट मुळात दोन चॅनेलच्या कच्च्या आवाजासाठी आखलेली आहे. सहा चॅनेल तिच्यातून डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस अशा दाबलेल्या रूपातच जातात. डीव्हीडीवर ते आधीच तसे असतात, म्हणून प्लेअरमध्ये पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू केला आणि पलीकडे तो उलगडणारा डीकोडर असला की काम होतं. गेम मात्र आवाज त्या क्षणी कच्चाच तयार करतो. तो जागच्या जागी दाबायला बोर्डावर डॉल्बी डिजिटल लाईव्ह किंवा डीटीएस कनेक्टची सोय लागते, ती मोजक्याच बोर्डांवर असते. एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटवर, साऊंडस्टॉर्म नावाने, ही सोय २००१-०२ च्या सुमारासच होती.

घरात एव्ही रिसिव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर एचडीएमआय वापरा. त्यातून न दाबलेले आठही चॅनेल जातात आणि रिअलटेकची चिप मधून बाजूलाच होते. केबल थेट रिसिव्हरला लावा. आधी टीव्ही आणि मग रिसिव्हर अशी जोडणी केली तर बरेच टीव्ही कॉम्प्युटरला आपण फक्त स्टिरिओ आहोत असं कळवतात आणि विंडोज ५.१ दाखवतच नाही. लॅपटॉपला एकच जॅक असतो, त्यालाही हाच मार्ग.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर

कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही घरघर राहिली तर टीव्हीची केबल किंवा डिशची वायर जोडलेली आहे का ते बघून ती काढून ऐका; अर्थिंगचा फेरा (दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेल्यामुळे घरघर आणणारं वर्तुळ) अनेकदा तिथून तयार होतो. ऑप्टिकल वायर काचेची किंवा प्लास्टिकची असते, तिच्यातून वीज जात नाही, म्हणून हा त्रास तिला नसतो. थ्री-पिनची वरची जाड पिन मात्र कधीही काढू नका. त्याने घरघर थांबेल, पण कॅबिनेटमध्ये वीज उतरली तर जायला वाट राहणार नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर स्पीकरचं काम तिथेच थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या पॉईंटचं अर्थिंग तपासून घ्या.