इंदूरच्या गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) बंदोबस्ताला निघालेल्या पुतण्यास

रंगपंचमीला राजवाड्यावर पहिलीच ड्यूटी तुझी, म्हणून सांगतो. अंघोळ झाली की देवापुढे दोन मिनिटं थांब. मी खजराण्याच्या गणपतीला मनातल्या मनात कबुली द्यायचो: काल कोणावर उगाच हात उगारला. (नवस बोलू नकोस, फेडायला सुटी मिळत नाही.) रंगाचा फुगा तोंडावर फुटला आणि राग चढला, तर काठी डाव्या हातात घे, दहादा नाम घे. माझं त्यावरच निभावलं. एकदा नाही निभावलं, तो पोरगा अजून आठवतो. पोहे-जिलेबी खाल्लीस तर खिशातून पैसे आधी काढ. अटक केलीस तर घरच्यांना कळव, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं कर. हे २४ तासांचं संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. वेळ खरीच लिही, साहेब काहीही म्हणोत.