एका बोटाने बदलणारा गंधार : गिटारच्या कॉर्ड्स समजून घेताना

कॉर्ड्सचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गटांचा, तक्ता समोर ठेवून आकृत्या पाठ करायची घाई नको. आधी पेटीवर, नाहीतर मोबाइलमधल्या पियानोवर सा, ग, प एकदम दाबून ऐका. ही मेजर कॉर्ड. आता शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार घ्या, बाकी दोन्ही सूर तेच. ही माइनर. पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर. सा पासून कोमल ग तीन अर्धस्वरांवर, शुद्ध ग चारवर आणि पंचम सातवर असतो. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधलं घर म्हणजे फ्रेट. एक फ्रेट पुढे, म्हणजे गिटारच्या पोटाकडे, गेलं की सूर एक अर्धस्वर चढतो.

ट्यूनर अ‍ॅप लावून तारा सुरात घ्या. जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई.

सुरुवात ई माइनरने करा. मधलं बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटमध्ये. बोट फ्रेटच्या पुढच्या धातूच्या पट्टीच्या लगेच मागे टेकवा, पट्टीवर नको. पट्टीपासून लांब दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरते. आता जाड तारेपासून एकेक तार छेडा. ई म्हणजे पेटीची पांढरी तीन हा सा धरला तर क्रमाने सा, प, सा, कोमल ग, प, सा ऐकू येतील. सहा तारा, पण सूर तीनच!

तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये ठेवा. कोमल गंधार शुद्ध झाला, कॉर्ड ई मेजर झाली. हे बोट ठेवत-उचलत राहा, फरक कानात पक्का बसेपर्यंत. माझ्या मते पहिल्या आठवड्यात यापेक्षा महत्त्वाचं काही नाही.

मग हाच आकार जसाच्या तसा एकेक तार खाली, बारीक तारांकडे सरकवा. सहावी तार वाजवू नका. आता मेजर नव्हे, ए माइनर वाजते! कारण शेजारच्या तारांमध्ये एरवी पाच अर्धस्वरांचं अंतर असतं, पण जी आणि बी यांच्यात चारच. त्यामुळे तर्जनीखालचा गंधार कोमलच राहतो.

ई माइनर आणि ए माइनर चार-चार मात्रा आलटून पालटून वाजवा. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. बोटांची टोकं दुखतील, म्हणून रोज पंधरा मिनिटं पुरेत.

हात बसला की ई मेजर तर्जनी मोकळी ठेवून धरा : मधलं बोट तिसऱ्या तारेवर, अनामिका पाचव्या, करंगळी चौथ्या. सगळा आकार एक फ्रेट पुढे न्या आणि मोकळी तर्जनी पहिल्या फ्रेटमध्ये सहाही तारांवर आडवी दाबा. ही एफ मेजर. तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर येईल इतका आकार पुढे नेला, की जी मेजर.