लग्नात शांती हवी तर प्रार्थना कशी करावी, आणि कधी नुसती प्रार्थना करत बसू नये

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. चर्च तालुक्याला. पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी मोटरसायकलवर येतात. मधल्या काळात कुणाचं नवरा-बायकोचं बिनसलं की माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी पुष्कळ वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, आणि नर्सच्या पोटात गोष्ट राहते असा लोकांचा समज आहे. राहतेच. म्हणून इथं कुणाचं नाव नाही, फक्त काय करायचं तेवढं.

सुरुवात रात्रीच्या प्रार्थनेपासून करा. ती लांबवू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई दिवसभर वाकून आलेली असते. तिनं स्वयंपाक करायचा, भांडी आवरायची आणि मग अर्धा तास डोळे ताणून बसायचं, ही भक्ती नव्हे. बायबलाच्या पाच-दहा ओव्या, एक गीत, दोघांची छोटी प्रार्थना, बस. एक दिवस त्यांनी वाचावं, एक दिवस तिनं. तिला अक्षरं जुळवत वाचावं लागत असेल तर वाट पाहा, मधेच ओढून घेऊ नका.

आणि एक पथ्य पाळाच. जोडीदार समोर बसलेला असताना त्याच्या दोषांसाठी मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. “हे प्रभू, या घरातल्या माणसाला सुबुद्धी दे” हा देवाला मधे घालून मारलेला टोमणा आहे, आणि यात आम्ही बायका फार तरबेज. त्यापेक्षा आपलं तेवढं बोला: “आज मी सासूबाईंसमोर यांचा पाणउतारा केला, मला क्षमा कर.” हे कानावर पडल्यावर समोरच्याचा निम्मा राग तिथंच उतरतो. जोडीदाराबद्दल मोठ्यानं बोलायचं तर फक्त उपकारस्तुती, म्हणजे त्याच्यासाठी देवाचे आभार. बाकीचं गाऱ्हाणं एकांतात देवाला सांगा, तो ऐकतो.

बायबलातल्या इफिसकरांस पत्रात ४:२६ ला (अध्याय ४, ओवी २६) म्हटलं आहे की राग असताना सूर्य मावळू देऊ नका. काही जण याचा अर्थ असा घेतात की रात्री अकरा वाजता, पोटात दारू असताना, भांडण मिटवायलाच हवं. राग झोपेत न्यायचा नाही हे खरं, पण चर्चा सकाळच्या चहावर ढकलली तर शास्त्र मोडत नाही. फक्त “उद्या चहाला बोलू” म्हटलं तर उद्या बोला.

आमच्याकडे खरं भांडण पैशाचं. कापूस जिनिंगला गेला, नवऱ्याच्या हातात विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली, त्यातून कृषी केंद्राची उधारी किती गेली, हातउसने किती गेले, घरी किती आले, बायकोला पत्ता नाही. तिकडे बचत गटाचा हप्ता थकला हे त्याला माहीत नाही. मी नव्या जोडप्यांना सांगते, पट्टी, बँकेची पावती, गटाचं पुस्तक, सगळं घरच्या बायबलात ठेवा. रात्री वाचायला बायबल उघडलं की कागद दोघांच्याही समोर पडतात. लपवायचं तर देवाच्या वचनातून लपवावं लागतं. एका घरात स्तोत्रांच्या पानांमध्ये इतक्या पावत्या झाल्या की बायबलाची शिवण उसवली. उसवू द्या, नवं मिळतं. दशांश, म्हणजे मिळकतीतला देवाच्या कामाला द्यायचा दहावा भाग, किती आणि कधी, तेही दोघांनी मिळून ठरवायचं.

आता अवघड भाग. एक जण मला म्हणाली, “मावशी, मार खाऊन बी रोज वचन वाचतो मी, मंग काऊन शांती भेटत नाई?” मी म्हटलं, बाई, आधी मार थांबू दे.

मारणारे नवरे इफिस ५:२२ तोंडपाठ म्हणतात, पत्नींनी अधीन असावं. त्यांना २१वी ओवी वाचायला लावा, तिथं एकमेकांच्या अधीन व्हायला सांगितलं आहे. पत्नींशी बोलणं २४ला संपतं. २५पासून पतींची पाळी येते आणि अध्याय संपेपर्यंत बहुतेक त्यांचीच चालते. मग १ पेत्र ३:७ काढा: बायकोला मान दिला नाही तर नवऱ्याच्या प्रार्थनांना अडथळा येतो. उपासनेत मोठमोठ्यानं प्रार्थना करणारे इथं गप्प होतात.

मार असेल तिथं दोघांना एकत्र बसवून समजूत घालू नका. ती जे बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. तिच्याशी वेगळं बोला. बाहेर मोटरसायकलचा आवाज आला की पोरं दाराकडे धावतात की वह्या उचलून मागच्या खोलीत जातात, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

बाईनं आधारकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि चर्चचा विवाहदाखला एका पिशवीत घालून भरवशाच्या घरी ठेवावा. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. मोबाइलमध्ये हे नंबर बियाणे दुकानाच्या नावानं साठवा. दवाखान्यात “पायऱ्यांवरून पडले” म्हणू नका. कसं लागलं ते डॉक्टरांना खरं सांगा आणि कागदावर लिहून घ्या. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला सहजासहजी बाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

घर सोडणं म्हणजे विश्वास सोडणं का, असं विचारतात. शौल राजा भाला घेऊन उठला तेव्हा देवाचा अभिषिक्त, म्हणजे देवानं निवडलेला दावीद तिथं थांबला नाही. त्याच्या बायकोनं, मीखलनं, त्याला खिडकीतून खाली सोडलं (१ शमुवेल १९). जीव वाचवायला माहेरी गेलं म्हणजे घटस्फोट होत नाही. क्षमा करणं वेगळं, परत जाणं वेगळं. क्षमा आज करता येते. परत जायला दारू सुटलेली दिसायला हवी, त्यानं चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांसमोर कबूल करायला हवं, आणि पुढंही कुणीतरी घरी येत-जात राहायला हवं.

हे येणं-जाणं मंडळीतल्या पुरुषांनी करावं, बायकांवर सोडू नये. आणि रविवारी जाऊ नका. रविवारी सगळेच इस्त्रीच्या शर्टात असतात. बाजाराच्या दिवशी दिवेलागणीनंतर जा, न सांगता, आणि चहा होईपर्यंत बसा.