कोरा ब्लॉट आणि डीटीटी: मलेरियाच्या अँटीबॉडीवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

मलेरियाच्या अँटीबॉडीवर काम सुरू केलं आणि पहिले तीन आठवडे कोऱ्या ब्लॉटपुढे, म्हणजे जेलवर वेगळी केलेली प्रथिनं उतरवून अँटीबॉडीने तपासायच्या पडद्यापुढे, बसून काढले. अँटिजेन, म्हणजे अँटीबॉडी जे ओळखते ते, होतं एएमए-1, म्हणजे प्लाझ्मोडियम फॅल्सिपॅरमला तांबड्या पेशीत शिरायला लागणारं प्रथिन. सीरम होतं मलेरिया वारंवार होऊन गेलेल्या लोकांचं. एलायझात, म्हणजे प्लेटवर लावलेल्या प्रथिनाला अँटीबॉडी चिकटली की रंग येतो त्या चाचणीत, शेवटी आम्ल घातलं की निळ्याचा गर्द पिवळा रंग व्हायचा. तेच सीरम, तेच प्रथिन, पण ब्लॉटवर साधी रेघ नाही! मी कॉन्ज्युगेट (अँटीबॉडीला चिकटून खूण दाखवणारी दुसरी अँटीबॉडी) बदललं, रिकाम्या जागा झाकणारं दूध पावडरीचं ब्लॉकिंग कमी केलं. शेवटी शेजारच्या बाकावरच्या ताईने विचारलं, "सॅम्पलमध्ये डीटीटी घातलंस का गं?"

घातलं होतं. एएमए-1ची घडी आठ डायसल्फाइड (गंधकाच्या दोन अणूंमधल्या) बंधांनी आवळलेली असते. डीटीटी या रसायनाने हे बंध तुटतात, उकळल्यावर साखळी सुटते आणि घडीमुळे शेजारी आलेली अमिनो आम्लं पांगतात. माणसाच्या बऱ्याच अँटीबॉडी नेमकी ती शेजारी आलेली जागा ओळखतात. डीटीटी न घालता, न उकळता जेल चालवली आणि पट्टा दिसला. त्या दिवशी मी डबा खायलाही विसरले.

सगळीच प्रथिनं अशी नसतात. डासाने सोडलेल्या स्पोरोझॉइटच्या (परजीवीच्या त्या अवस्थेतल्या पेशीच्या) अंगभर सीएसपी नावाचं प्रथिन असतं. त्याच्या मधल्या भागात अ‍ॅस्पॅराजिन, अ‍ॅलानिन, अ‍ॅस्पॅराजिन, प्रोलिन ही चौकडी सुमारे 40 वेळा येते. इथे छोटं पेप्टाइड (अमिनो आम्लांची आखूड साखळी) प्लेटवर लावलं तरी अँटीबॉडी पकडते. पुण्यात तयार होणाऱ्या मलेरियाच्या आर21 लशीतही हाच पुनरावृत्तीचा भाग आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संरचनांत तर शेजारशेजारच्या चौकड्यांवर बसलेल्या अँटीबॉडी एकमेकींनाही धरून असलेल्या दिसल्या. मला हे चित्र अजून पुन्हापुन्हा उघडून बघावंसं वाटतं.

पण इथेच नवखा माणूस फसतो. अँटीबॉडीला दोन हात, समोर ओळीने तीच जागा. एक हात सुटला तरी दुसरा धरून ठेवतो. त्यामुळे प्लेटवरची पकड एका हाताच्या खऱ्या पकडीपेक्षा घट्ट भासते. एका हाताची पकड मोजायची असेल तर फॅब तुकडा, म्हणजे अँटीबॉडीचा सुटा केलेला एकच हात, वापरा. आणि पहिल्याच प्लेटवर दोन विहिरी (प्लेटमधले खळगे) राखून ठेवा: एकीत मलेरिया कधीच न झालेल्या माणसाचं सीरम, दुसरीत सीरमच नाही, फक्त कॉन्ज्युगेट. दुसरीही पिवळी झाली, तर बाकीच्या प्लेटचे आकडे वहीत उतरवू नका.