डीएक्स-7 वर स्वतःचा आवाज घडवायचाय? आधी दोनच ऑपरेटर घ्या

यामाहाचा डीएक्स-7 हा सिंथेसायझर 1983 मध्ये आला, तेव्हापासून ‘याच्यावर आवाज बनवणं महाकठीण’ असं ऐकायला मिळतं. मग लोक तयार पॅच (आधीच घडवून साठवलेले आवाज) वाजवतात आणि तिथेच थांबतात. याची मला मनापासून हळहळ वाटते. सहा ऑपरेटर (साधी लहर निर्माण करणारे घटक), 32 अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायचे आराखडे), सगळं एका सरकपट्टीवर आणि दोन ओळींच्या पडद्यावर, घाबरायला होतंच. म्हणून चार ऑपरेटर सध्या विसरा.

फंक्शन मोडमध्ये जाऊन ‘व्हॉइस इनिट’ करा, म्हणजे पाटी कोरी होते. आता अल्गोरिदम 1 आहे आणि फक्त ऑपरेटर 1 वाजतोय, निव्वळ साइन वेव्ह. ऑपरेटर 2 त्याला खालून ढकलतो, म्हणजे त्याचा सूर वेगाने खालीवर हलवतो, पण त्याची आउटपुट लेव्हल शून्य आहे. मधला सी दाबून धरा आणि ती लेव्हल सावकाश वर न्या. सुरुवातीला फरक जाणवतच नाही. मग आवाजाला धार येऊ लागते, आणि 90 च्या पुढे तो पार खरखरीत होतो. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना 1967 मध्ये हेच सापडलं: व्हायब्रेटो (सुराचं खालीवर हलणं) खूप वेगवान केला की सूर हलताना ऐकू येत नाही, आवाजाचा पोतच बदलतो. तेव्हा एवढं पक्कं धरा: कॅरिअरची (जो ऐकू येतो तो, इथे ऑपरेटर 1) लेव्हल म्हणजे आवाज किती मोठा, मॉड्युलेटरची (जो त्याला ढकलतो तो, इथे ऑपरेटर 2) लेव्हल म्हणजे तो किती तेजस्वी.

आता रेशो, म्हणजे वाजवलेल्या सुराच्या किती पट वेगाने ऑपरेटर चालतो. ऑपरेटर 2 चा रेशो 1, 2, 3 असा पूर्णांकात ठेवलात तर आवाज सुरेल राहतो. कोर्स (ढोबळ आकडा) 2 आणि फाइन (बारीक आकडा) 75 करा, म्हणजे 2 अधिक त्याचे 75 टक्के, 3.50 होईल. लगेच धातूचा नाद येतो. लेव्हल 75 च्या आसपास ठेवून बघा.

पण याची घंटा अजून झालेली नाही, कारण हा नाद घंटेसारखा विरत नाही. दोन्ही ऑपरेटरच्या एन्व्हलपमध्ये (वेळेनुसार लेव्हल कशी चढते-उतरते ते ठरवणारा भाग) लेव्हल 2 आणि 3 शून्य करा. कॅरिअरचे रेट 2 आणि रेट 4 साधारण 30 ठेवा, मॉड्युलेटरचे 40. आकडा मोठा म्हणजे वेग जास्त. त्यामुळे आधी झगमग ओसरते आणि मागे गोल सूर रेंगाळतो. माझ्या मते या यंत्राचा सगळा जीव या फरकात आहे. इथे हवा तितका वेळ घालवा.

शेवटी मॉड्युलेटरची व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी वाढवा. जोरात वाजवलं की आवाज उजळतो. रेशो 14 करून लेव्हल 60 पर्यंत उतरवलीत, तर प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानोची ती ‘टिंग’ सापडेल.

हे हाताखाली आलं की अल्गोरिदम 5 घ्या. त्यात अशाच तीन जोड्या शेजारी-शेजारी असतात: एकीत टिंग, दुसरीत अंग, तिसरी किंचित डीट्यून करून, म्हणजे तिचा सूर जरासा सरकवून. सेव्ह करण्याआधी मेमरी प्रोटेक्ट (साठवलेलं पुसलं जाऊ नये म्हणून असलेलं कुलूप) काढायला विसरू नका. जुनं यंत्र विकत घेतलं असेल तर आतली बॅटरीही तपासून घ्या. ती संपली की साठवलेले पॅच गेलेच.