श्रमदानाला टिकाव उचलायच्या आधी…

आमच्या गावात पहिल्या वर्षी काय झालं, सगळ्यांना जोश आला, रविवारी ढिगाने माणसं डोंगरावर आणि जिथं मोकळी जागा दिसली तिथं पावसाचं पाणी अडवायला चर खोदायला सुरुवात. उतार कोण बघतंय! जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात पाणी चराच्या एका टोकाला गोळा झालं, भराव फोडून खाली गेलं आणि नवीनच ओघळ तयार झाली, म्हणजे फायदा राहिला बाजूला.

तर एप्रिल-मे मध्ये श्रमदान करायचं असेल तर फेब्रुवारीतच शिवारफेरी काढा, म्हणजे गावाची सगळी जमीन पायी फिरून बघा. सोबत एखादा गुराखी हवाच, पावसात पाणी कुठून पळतं ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. क्रम माथा ते पायथा, आधी वरचे चर आणि दगडी बांध, नाल्यातलं काम नंतर, नाहीतर वरचा गाळ येऊन खालचं सगळं भरून जातं.

सगळ्यात जास्त वेळ आखणीला द्या, चर एका पातळीत हवा. ती पातळी शोधायची ए-फ्रेम (इंग्रजी A सारखी चौकट) घरीच होते, दोन सारख्या लांबीच्या काठ्या, मधे आडवी पट्टी आणि दोऱ्याला दगड. दोन्ही पाय टेकवून पट्टीवर दोरा जिथं येतो तिथं खूण करा, मग त्याच दोन जागांवर पाय अदलाबदल करून दुसरी खूण, दोन्हीच्या बरोबर मधे लेव्हल. याच मापाने डोंगरभर फक्कीच्या रेषा मारायच्या. दोन-चार पोरं शिकली तरी बास.

मग हिशोब. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल असा 200 मीटर चर म्हणजे 36 घनमीटर माती. अंदाजावर जाऊ नका, पाच जणांना दोन तास खोदायला लावा आणि मोजा. समजा 2 घनमीटर निघाली, तर 36 ला 90 माणसं एक सकाळ (दोन तास) लागणार, तेवढी येणार आहेत का ते आधीच कळतं. माती खालच्या बाजूलाच ओढायची असते त्यामुळे घमेली फार लागत नाहीत, टिकाव-खोरी मात्र आधी मोजून ठेवा, आमच्याकडे निम्मी माणसं नुसती उभी होती :)

जमीन कोणाची हेही बघा. खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती, वनखात्याची असेल तर परवानगी, आणि त्याला वेळ लागतो हो, म्हणून तो अर्ज शिवारफेरीच्या दुसऱ्याच दिवशी टाका.